'फीस्ट थ्री: द हॅपी फिनिश' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'फीस्ट' या अमेरिकी भयपटांच्या मालिकेबद्दल, आणि खास करून तिच्या शेवटच्या भागाबद्दल, तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न १ ते ६ वाचून शेवट फुटणार नाहीत. प्रश्न ७ पासून मात्र तिन्ही भागांचे शेवट उघड केले आहेत, त्यामुळे चित्रपट पाहायचे असतील तर तिथे थांबा.

१. ही मालिका नेमकी काय आहे? एकूण किती भाग?

तीन भाग. पहिला 'फीस्ट', दुसरा 'फीस्ट टू: स्लॉपी सेकंड्स' (२००८) आणि तिसरा 'फीस्ट थ्री: द हॅपी फिनिश' (२००९). तिन्हींचा दिग्दर्शक जॉन गुलेगर, तिन्हींचे लेखक मार्कस डन्स्टन आणि पॅट्रिक मेल्टन. आडरानातल्या एका बारमध्ये रात्री जमलेल्या माणसांवर भुकेले राक्षस तुटून पडतात, इथून गोष्ट सुरू होते. रक्त, तुटलेले अवयव, चिकट स्राव आणि काळा विनोद यांचा मारा तिन्ही भागांत आहे.

पात्रांना खरी नावं जवळपास नाहीतच. प्रत्येक जण पडद्यावर आला की चित्र थिजतं आणि एक कार्ड झळकतं. त्यावर टोपणनाव, काम आणि हा माणूस किती टिकेल याचा अंदाज असतो. ही कार्डं मालिकेची ओळख आहेत आणि तिसऱ्या भागाचं बिघडलं कुठे हे समजायलाही तीच कामाला येतात (प्रश्न ८ पाहा).

२. कोणत्या क्रमाने पाहायचे? थेट तिसरा लावला तर चालेल का?

नाही चालणार. दुसरा आणि तिसरा भाग पाठोपाठ चित्रित झाले आणि दुसरा जिथे तुटतो तिथूनच तिसरा सुरू होतो. दुसरा न पाहता तिसरा लावलात तर ही माणसं कोण, कुठे अडकलीत आणि एकमेकांवर का खार खाऊन आहेत, यातलं काहीही कळणार नाही.

पहिला भाग मात्र स्वतंत्र, पूर्ण चित्रपट आहे. त्याला सुरुवात, मध्य आणि समाधानकारक शेवट आहे. आमचा सल्ला सरळ आहे: पहिला पाहा आणि थांबायचं असेल तर तिथेच थांबा. पुढे जायचंच ठरवलं तर दुसरा आणि तिसरा एका बैठकीत पाहा. दुसरा पाहून महिनाभराने तिसरा लावला तर धागा हातातून सुटलेला असतो. तिसरा आधीच्या दोघांपेक्षा आखूड आहे, साधारण ८० मिनिटांचा.

३. पहिला भाग थिएटरमध्ये लागला होता, मग पुढचे थेट डीव्हीडीवर का आले?

पहिलाही नीट लागला नव्हताच. 'प्रोजेक्ट ग्रीनलाइट' या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या तिसऱ्या पर्वातून तो जन्माला आला. नवख्या लेखक-दिग्दर्शकांना संधी द्यायची आणि चित्रपट घडताना सगळी धडपड कॅमेऱ्यात टिपायची, अशी त्या मालिकेची रचना. अभिनेते बेन ॲफ्लेक आणि मॅट डेमन हे तिचे मुख्य चेहरे. हे पर्व २००५ मध्ये ब्राव्हो वाहिनीवर दाखवलं गेलं. आधीच्या दोन पर्वांतल्या चित्रपटांनी पैसे मिळवले नव्हते, म्हणून या वेळी विकला जाईल असा भयपट निवडला. भयपटांचे नामवंत दिग्दर्शक वेस क्रेव्हन कार्यकारी निर्मात्यांत होते.

त्याच सुमारास वाइनस्टाइन बंधू हे निर्माते डिस्नेपासून वेगळे झाले. 'फीस्ट' बनवणारी डायमेन्शन ही निर्मिती संस्था त्यांच्याबरोबर गेली आणि तयार चित्रपट रखडला. अखेर २२ आणि २३ सप्टेंबर २००६ या दोन रात्री मोजक्या अमेरिकी चित्रपटगृहांत मध्यरात्रीचे खेळ झाले. पुढच्याच महिन्यात डीव्हीडी आली आणि प्रेक्षक मिळाला तो तिथेच. त्यामुळे पुढचे दोन भाग सुरुवातीपासून डीव्हीडीच्या बाजारासाठीच आखले गेले: दुसरा ऑक्टोबर २००८ मध्ये, तिसरा फेब्रुवारी २००९ मध्ये. मधलं अंतर जेमतेम चार महिन्यांचं आहे.

४. कितपत किळसवाणा आहे? नाजूक पोटाच्या माणसाने पाहावा का?

रक्ताची सवय असणाऱ्यांनाही जड जाईल असं बरंच काही यात आहे. ओकारी, मलमूत्र, राक्षसांचं संभोगदृश्य (हे पहिल्यापासूनच), छिन्नविच्छिन्न अवयव. पहिल्या भागात लहान मुलगा मरतो. दुसऱ्यात तान्ह्या बाळाचा मृत्यू दाखवला आहे, तोही विनोद म्हणून. प्राण्यावरचा अत्याचारही त्याच भागात आहे. तिसऱ्यात लैंगिक हिंसा आहे आणि तीही हशा मिळवण्यासाठी वापरली आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या भागांतले बुटक्या आणि अपंग पात्रांवरचे विनोद, बायकांना होणारी मारहाण, हे रक्तापेक्षा जास्त त्रास देतं. पहिला भाग सहन झाला म्हणून तिसराही होईल, असं धरून चालू नका.

५. तिसऱ्या भागात लखलखणाऱ्या प्रकाशाचा सीन आहे म्हणे. फेफरं येणाऱ्यांना धोका आहे का?

आहे, आणि ही बाब हलक्यात घेऊ नका. भुयारी गटारातल्या मारामारीत प्रकाश सतत उघडझाप करतो. प्रकाशामुळे झटके येणाऱ्या बहुतेकांना सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप त्रासदायक ठरते. सुरक्षिततेच्या निकषांत मर्यादा सेकंदाला तीनची धरली जाते.

असा त्रास आधी झाला असेल तर पात्रं गटारात उतरली की तो प्रसंग फॉरवर्ड करून टाका. कथेच्या दृष्टीने फारसं काही हुकत नाही. कुणाच्या सोबतीसाठी पाहत असाल तर खोलीतला दिवा चालू ठेवा, पडद्यापासून लांब बसा, चमक सुरू झालीच तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड फिरवा. नुसते दोन्ही डोळे मिटून भागत नाही, कारण पापण्यांतून प्रकाश आत येतो.

६. मला अर्धा चित्रपट दिसलाच नाही, सगळं काळंकुट्ट. माझ्या टीव्हीचा दोष आहे का?

थोडा टीव्हीचा, बराचसा चित्रपटाचा. तिसऱ्या भागाचा मोठा हिस्सा रात्री किंवा जमिनीखाली घडतो, कॅमेरा हातात धरलेला आहे आणि कट फार जवळजवळ आहेत. डीव्हीडीवर अंधाऱ्या, हलत्या चित्रात दाबलेल्या व्हिडिओचे चौकोनी ठोकळे उठतात, त्यामुळे उरलासुरला तपशीलही जातो. तरी पुढच्या गोष्टी केल्या तर फरक पडतो.

आधी चित्राचा मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं) आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधारातला फरक आपोआप बदलणारं) बंद करा, कारण दुसरं सेटिंग अंधारे भाग आणखी काळे करतं. मग एखाद्या अंधाऱ्या दृश्यावर चित्र थांबवा आणि 'ब्राइटनेस' एकेक पायरी वाढवा. काळा रंग राखाडी दिसू लागला की एक-दोन पायऱ्या मागे या. पडद्याचा एकूण उजेड 'बॅकलाइट' नावाच्या वेगळ्या सेटिंगमधून वाढतो, दोन्हींची गल्लत करू नका. शार्पनेस कमी ठेवा, नाहीतर ठोकळ्यांच्या कडाच ठळक होतात.

एवढं करूनही सावल्या गिळल्या जात असतील तर एचडीएमआयची रेंज, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या पातळ्यांचं सेटिंग, तपासा. प्लेअर 'फुल' पाठवतोय आणि टीव्ही 'लिमिटेड' समजतोय, असं असेल तर गडद छटा सरसकट काळ्या होतात. उलट असेल तर चित्र धुरकट दिसतं. दोन्हीकडे एकच पर्याय ठेवा. गटारातल्या सीनला मात्र कोणतंही सेटिंग वाचवू शकत नाही.

७. हनी पायला सुरुवातीलाच का मारलं? तीच तर नायिका वाटत होती.

वाटत होती, म्हणूनच मारलं. पहिल्या भागात ती इतरांना मागे टाकून ट्रक घेऊन पळते. दुसऱ्यात बारटेंडर तिला गाठून बेदम मारतो, तरी ती टिकून राहते. दोन भाग आपण तिचा जीव वाचताना पाहिलेला असतो. तिसऱ्यात सुरुवातीच्या काही मिनिटांतच राक्षस तिचं डोकं खातो आणि पुढचा विनोद त्या डोक्याच्या पचनावर केला जातो.

धक्का देण्याचा हेतू कळतो. पण त्या क्षणी जुन्या प्रेक्षकाला बांधून ठेवणारा एक महत्त्वाचा दुवा तुटतो आणि त्याच्या जागी लेखक दुसरा कुणीच उभा करत नाहीत. पहिल्या भागातून जिवंत सुटलेले बोझो, त्याचा भाऊ हॉट व्हील्स आणि टफी तर दुसऱ्या-तिसऱ्या भागांत येतच नाहीत.

८. कुणीही कधीही मरू शकतं, हीच तर 'फीस्ट'ची गंमत. मग तिसऱ्यात तेच का खटकतं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि योग्य प्रश्न. उत्तरासाठी पहिल्या भागातला हिरोचा प्रवेश पुन्हा पाहा. 'हिरो' या टोपणनावाचा एरिक डेन बंदूक घेऊन बारमध्ये घुसतो, बाहेर काय आहे ते सांगतो, हुकूम सोडायला लागतो. त्याचं कार्ड सांगतं की हा गडी नक्की जगणार. आणि खिडकीपाशी उभा असतानाच त्याचं डोकं जातं.

या मृत्यूला किंमत आहे. बारमधल्या लोकांनी आपली सगळी भिस्त नुकतीच त्याच्यावर टाकलेली असते. आता दारं कुणी बंद करायची, बंदूक कुणी धरायची, हे नव्याने ठरवावं लागतं. पाठोपाठ त्याची बायको येते, ती हिरॉईन होते, पुढे तीही जाते आणि टफी 'हिरॉईन टू' होते. टफीचा मुलगा तोवर मेलेला असतो, त्यामुळे तिचं बदलणं पटतं. म्हणजे प्रत्येक मृत्यू उरलेल्यांना काहीतरी करायला भाग पाडतो.

तिसऱ्या भागात शिटकिकर नावाचा बंदूकबाज येतो, तोही तारणहाराच्या थाटात, आणि तोही फार काळ टिकत नाही. जाँ-क्लोद सीगल नावाचा मार्शल आर्टवाला येतो आणि हात गमावतो. विनोद तोच आहे, पण तोवर प्रेक्षक शिकलेला असतो: जो मोठ्या रुबाबात येतो तो जाणार. मग कार्ड झळकताच आपण घड्याळ लावून बसतो. शिवाय तो गेल्यावर कुणाचंच काही अडत नाही, टोळी पुढच्या बोगद्यात शिरते आणि नवा माणूस भेटतो. अनपेक्षित मृत्यूसाठी आधी अपेक्षा तयार करावी लागते. तिसऱ्या भागाने ती तयार करायचं कामच सोडून दिलं आहे.

९. शेवटी तो यंत्रमानव कुठून आला? माझं काही बघायचं राहिलं का?

काहीही राहिलं नाही. आधी त्याचा उल्लेख नाही, सूचना नाही, नंतर स्पष्टीकरणही नाही. उरलेसुरले लोक बाहेर पडतात आणि अवाढव्य यंत्रमानवाचा पाय वरून येऊन माणसं चिरडतो. मग मारियाची (मेक्सिकन लोकसंगीताचा) गायक पडद्यावर येऊन गाण्यातून कथा सांगतो आणि चित्रपट संपतो.

याचं समर्थन करणारे म्हणतात की मालिका पहिल्यापासून प्रेक्षकाची फिरकी घेते, हा त्यातला शेवटचा वार. आम्हाला ते पटत नाही. हिरोचं डोकं जाणं हा भयपटांच्या एका ठरीव नियमाचा भंग होता आणि तो नियम प्रेक्षकाला ठाऊक होता. यंत्रमानव कोणताच नियम मोडत नाही, कारण तो या गोष्टीचा भागच नाही. तीन चित्रपट जिवावर उदार होऊन लढणाऱ्या माणसांचं काय झालं, हे सांगायची वेळ आली तेव्हा लेखकांनी गाशा गुंडाळला. नाव 'हॅपी फिनिश' ठेवून शेवटच न देणं, हीच या भागाबद्दलची सर्वांत मोठी तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

१०. तिसऱ्या भागात प्रेषित म्हणवणाऱ्या माणसाला राक्षस का घाबरतात?

त्याच्यात दैवी शक्ती नाही. त्याच्या श्रवणयंत्रातून निघणारा आवाज राक्षसांना सहन होत नाही, एवढंच. ही भूमिका कॉमेडियन जॉश ब्लूने केली आहे. त्याला प्रत्यक्षातही सेरेब्रल पाल्सी आहे आणि त्यावर तो स्वतःच्या स्टँडअपमध्ये फार धारदार बोलतो. कल्पना म्हणून ही तिसऱ्या भागातली सर्वांत चांगली गोष्ट आहे: राक्षसांची एक कमजोरी, ती वापरण्याचं साधन आणि ते साधन बिघडण्याची धास्ती. याच्यावर अख्खा उत्तरार्ध उभा राहू शकला असता, पण चित्रपट तिला एका विनोदापुरतं वापरून पुढे जातो.

११. बारटेंडर पहिल्या भागात मेला होता ना?

मेल्यातच जमा होता. दुसऱ्या भागात तो वाचल्याचं दाखवलं आहे. ही भूमिका क्लू गुलेगर यांची, दिग्दर्शकाचे वडील. बाइकर क्वीन झालेली डायन गोल्डनर पहिल्या भागात हार्ली मॉम होती, त्यामुळे 'ही परत कशी आली' असंही विचारलं जातं. ती परत आलेली नाही. दुसऱ्यातली बाइकर क्वीन ही हार्ली मॉमची जुळी बहीण, सूड घ्यायला आलेली.

१२. टीम तीच असून दर्जा इतका का घसरला? पैसा कमी पडला का?

पैशाची चणचण पहिल्या भागातही होतीच. फरक जागेचा आहे. पहिला चित्रपट एका बारमध्ये घडतो. दार कुठे, तळघर कुठे, वरची खोली कुठे, कोणती खिडकी फुटली, हे वीस मिनिटांत पाठ होतं. त्यामुळे बाहेर नुसता ओरखडा ऐकू आला तरी राक्षस कुठून येणार हे कळतं आणि जीव टांगणीला लागतो. रबरी सूट फारसा दाखवावा लागत नाही, दारातून आत आलेला पंजा पुरतो.

दुसरा भाग गावातल्या छपरांवर जातो, दिवसाउजेडी. तिथे सूट पूर्ण दिसतो आणि कापड, सांधे, माणसाची चाल सगळं उघडं पडतं. निदान छप्पर ही एक जागा तरी राहते. तिसरा भाग सतत चालत राहतो: रस्ता, मग बोगदे, मग आणखी बोगदे. एक बोगदा दुसऱ्यासारखाच असतो, तेव्हा शत्रू कुठे आहे आणि सुटका कुठे आहे हे कळायला मार्ग नाही. दिशा हरवली की भीतीही हरवते, उरतो गोंगाट. त्यातच पाठोपाठ चित्रीकरण केल्याने दुसऱ्या भागावरच्या प्रतिक्रिया ऐकून काही दुरुस्त करायची संधी कुणालाच मिळाली नाही.

१३. तिसऱ्या भागात रक्त कधी लाल, कधी डांबरासारखं दिसतं. असं का?

प्रकाशामुळे. लाल द्रव फक्त लाल प्रकाश परत फेकतो. दृश्य निळ्या किंवा हिरव्या दिव्यात असेल तर परत फेकायला लाल प्रकाशच नसतो आणि रक्त काळं दिसतं. अंधाऱ्या दृश्यासाठी म्हणूनच वेगळं, जास्त भडक रक्त बनवावं लागतं.

स्वतःच्या लघुपटासाठी करून पाहायचं असेल तर साधं प्रमाण असं: कॉर्न सिरप २४० मिली, पाणी ६० मिली, लाल द्रव खाद्यरंग १५ ते २० मिली, कोको पावडर १ टेबलस्पून, निळा खाद्यरंग २-३ थेंब. कोको आधी थोड्या कोमट पाण्यात कालवा, थेट सिरपात टाकलं तर गुठळ्या होतात. रंग गुलाबी वाटला तर लाल घालण्याआधी कोको चिमूटभर वाढवून पाहा, बहुतेक वेळा पारदर्शकपणा हीच अडचण असते. रात्रीच्या निळसर दृश्यासाठी निळा रंग वगळा आणि कोको निम्मा करा. कपड्यावरून धुऊन निघावं म्हणून भांडी घासायच्या द्रवाचे थेंब घालतात, पण ते मिश्रण नटाच्या तोंडात किंवा डोळ्यांजवळ वापरू नका. मेकअपतज्ज्ञ डिक स्मिथ यांच्या प्रसिद्ध कृतीत 'फोटो-फ्लो' नावाचं छायाचित्रणाचं रसायन आहे. ते विषारी असल्याने तीही तोंडात जाता कामा नये. खाद्यरंग त्वचेवर एक-दोन दिवस राहतो, चित्रीकरणाआधी कानामागे चाचणी घ्या.

१४. पहिल्याच्या दोन आवृत्त्या आहेत. कोणती घ्यायची?

थिएटरसाठी काटछाट करून 'आर' हा अमेरिकी वय-दर्जा मिळवलेली एक आणि डीव्हीडीवरची 'अनरेटेड', म्हणजे दर्जा न घेतलेली, दुसरी. अनरेटेड घ्या. कापलेल्या आवृत्तीत हल्ल्यांचे काही क्षण तुटक वाटतात आणि आधीच वेगवान असलेलं संकलन आणखी गोंधळाचं होतं. तिसऱ्याबाबत हा प्रश्न उद्भवत नाही, तो अनरेटेडच आला.

१५. चौथा भाग येणार का?

तिसऱ्यानंतर मालिका पुढे सरकलेली नाही. डन्स्टन आणि मेल्टन तोवर 'सॉ' या भयपट मालिकेकडे वळले होते: चौथ्यापासून सातव्यापर्यंतच्या भागांच्या लेखनात दोघं आहेत. २००९ मध्येच डन्स्टनने 'द कलेक्टर' दिग्दर्शित केला. त्यातही एक बंद घर, ठरलेली दारं आणि आत अडकलेली माणसं आहेत. प्रश्न १२ मध्ये म्हटलेलं पटलं असेल तर तो जरूर पाहा. गुलेगरने २०१२ मध्ये 'पिरान्हा थ्रीडीडी' केला. क्लू गुलेगर २०२२ मध्ये गेले, तेव्हा बारटेंडरशिवायच चौथा भाग करावा लागेल. तिसऱ्याच्या शेवटी पुढच्या भागासाठी जिवंत ठेवलंय तरी कुणाला, हा प्रश्न वेगळाच.